मोजणी एका दमात

आमचे वडील सिल्लोडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्यांची तोंडं शिवायचे. हातात दाभण, गळ्यात सुतळी. मक्याची आवक असली की घरात दोन्ही वेळ चूल पेटायची. आवक संपली की दाभण कोनाड्यात आणि वडील ओट्यावर. मग आईचं जिनिंग सुरू व्हायचं. कापसातला काडीकचरा निवडून ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. आमच्या भाकरीला कापूस, पाण्यात कापूस, वहीच्या पानांत कापूस. पत्र्याच्या एका खोलीत सगळे. बारावीपर्यंत मी रिकाम्या पोत्यावर पालथं पडून अभ्यास केला, कारण बसून वाचायला लागलं की कुणाचा तरी पाय मधे यायचा.

इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "ह्यात हातानं काय करायचं असतंय?" मला सांगता आलं नाही. आजही नीटसं सांगता येत नाही. पण आईच्या माहेरात आणि वडिलांच्या घरात मिळून कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी मिरवते. कुणाला खटकत असेल तर खटको.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो मला माझ्या नावानं कधी हाक मारायचाच नाही. तो मला ‘सिल्लोड’ म्हणायचा.

संभाजीनगरात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमधे आमची कंपनी होती. दहा-बारा माणसं. कारखान्यांतल्या यंत्रांना जोडायची खोकी आम्ही बनवायचो, आणि त्या खोक्यांच्या कर्नलमधे चालणारा ड्रायव्हरही, म्हणजे यंत्राचे सिग्नल कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या कारभाराचा गाभा. पडद्यावर जे दिसतं ते सगळं त्याच्या जिवावर. आई मोंढ्यात सांगायची, "पोरगी कर्नलच्या हाताखाली हाय." अर्ध्या गल्लीला वाटायचं मी लष्करात भरती झाले. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही, त्यानं गल्लीतली पोरं दबून असायची.

खरा आमचा कर्नल म्हणजे सर. पन्नाशी उलटलेले, सडसडीत, दाढी मेंदी लावून लाल केलेली. जन्म रोशन गेटजवळचा, भाषा अर्धी मराठी, अर्धी दखनी, आणि कोणत्या वेळी कोणती येईल ह्याचा नेम नाही. ते खुर्चीवर बसायचे नाहीत. त्यांच्या वाट्याची खुर्ची होती, तिच्यावर वायरींची भेंडोळी असायची. कीबोर्ड छातीएवढ्या लोखंडी मांडणीवर ठेवलेला. चार ओळी टाइप करायच्या, शेडच्या टोकाला चालत जायचं, शटरला हात लावायचा, परत यायचं, त्यातल्या तीन ओळी पुसायच्या. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की आम्ही सगळे मान वर करून बघायचो.

माणसांना गावाच्या नावानं हाक मारायची सवयही त्यांचीच. शेडमधे एकाच नावाचे दोघं होते, एकाचा निरोप दुसऱ्यानं घेतला आणि काहीतरी घोळ झाला, तेव्हापासून म्हणे त्यांनी नावं वापरणं सोडलं. माझ्या शेजारी बसणारा मुलगा ‘सोयगाव’. मालक पुंडलिकनगरात राहायचे, म्हणून मालकही ‘पुंडलिकनगर’.

"अहो, मी मालक आहे," मालक एकदा म्हणाले.

"मालक बदल सकता है साहेब. पुंडलिकनगर तिथंच राहणार."

मालक आपल्या वहीकडं वळले. सरांशिवाय कंपनी चालत नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरांचा एक प्रश्न होता. कुणी काहीही सांगू दे, कोड असो, नाहीतर सुट्टीचं कारण असो, ते मधेच थांबवून विचारायचे, "मधी कोण आलं?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं कुणी पाहुणे आलेत. मी दाराकडं बघितलं. सोयगाव फिसकन हसला.

मग सरांनी मला उभ्या-उभ्या समजावलं. काउंटरचा, म्हणजे मोजणीचा, आकडा एकानं वाढवणं हे आपल्याला एक काम दिसतं. आतमधे ती कामं तीन असतात. आहे तो आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, परत लिहायचा. आमच्या खोक्यात दोन कोअर, म्हणजे एकाच आकड्यावर हात ठेवणारे दोन कामकरी. पहिल्यानं चाळीस वाचले. त्यानं लिहायच्या आत दुसऱ्यानंही चाळीसच वाचले. दोघांनीही एक्केचाळीस लिहिले. वस्तू दोन गेल्या, मोजली गेली एक. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही, तरी हिशोब चुकला.

"म्हणून विचारतो, बेटा. तू वाचलंस आणि तू लिहिलंस, त्याच्या मधी कोण आलं?"

हा प्रश्न त्यांना कोडपुरता ठेवता यायचा नाही. शेडमधे संडास एकच होता आणि त्याची कडी मोडलेली. मालकांनी दाराला एक पाटी अडकवली, एका बाजूला ‘रिकामं’, दुसऱ्या बाजूला ‘आत माणूस आहे’. जाताना फिरवायची, येताना फिरवायची. एका दुपारी मालक आणि सोयगाव दोन बाजूंनी आले, दोघांनीही ‘रिकामं’ वाचलं, दोघांनीही पाटीला हात घातला, आणि दोघंही एकदमच आत शिरून चौकटीत अडकले. सोयगाव अंगानं भरलेला. मालकांचा चष्मा खाली पडला.

आम्ही हसू दाबत होतो. सर मात्र टाळी वाजवत आले. "देखो, देखो. पाटी पाहणं आणि पाटी फिरवणं, ह्यांच्या मधी जागा आहे. त्या जागेत माणूस घुसतो."

"पण माझा चष्मा," मालक म्हणाले.

सरांनी त्याच दिवशी पाटी काढली, दाराला कुलूप बसवलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला एकच किल्ली टांगली. किल्ली दिसली आणि उचलली, हे एकच काम. दोघांच्या हातात एक किल्ली येत नाही. पद्धत झकास चालली, फक्त एका संध्याकाळी सोयगाव किल्ली खिशात घालून घरी गेला. सकाळी तो बस चुकल्यामुळं उशिरा पोचला, तोवर सगळी कंपनी शेजारच्या गॅरेजवाल्याच्या उपकारावर. सर म्हणाले, "हे पण शिका. कुलूप घेणारा कुलूप सोडायला विसरला, तर सगळी दुनिया थांबते." सोयगावला महिनाभर सगळे हेच वाक्य ऐकवत होते.

ईदला सरांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं होतं. सरांच्या बायको, भाभी, शीरखुर्मा वाढत होत्या, त्यांना मी विचारलं, की सर घरी तरी बसतात का. त्या म्हणाल्या, "नै बेटा. निकाह में बैठे थे, वो बी आधे." सर अंगणात फेऱ्या मारत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. गेलं असलं तरी ते थांबले नसते.

फक्त पाण्याला ते बसायचे. तहान लागली की पहिल्या सापडलेल्या खुर्चीवर, नाहीतर पायरीवर टेकायचे, पेला उजव्या हातात धरून थोडं प्यायचे, पेला तोंडापासून दूर करून श्वास घ्यायचे, पुन्हा थोडं, पुन्हा श्वास, पुन्हा थोडं. मग उठून चालू. त्यांच्या घरची शिस्त आहे हे मला कळत होतं, त्यामुळं मी कधी विचारलं नाही.

मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर होते आणि ती संपत आली होती, तेव्हा औषधाच्या एका कारखान्याचं काम आलं. तिथं बाटल्या दोन पट्ट्यांवरून धावायच्या. प्रत्येक पट्टीवर एक कॅमेरा. बाटली आली की ‘एकूण’ ह्या काउंटरात एक वाढवायचा, आणि कॅमेऱ्याच्या निकालाप्रमाणं ‘पास’मधे किंवा ‘बाद’मधे एक. दोन पट्ट्यांचे सिग्नल दोन कोअरवर यायचे आणि तेच तीन आकडे वाढवायचे. पास अधिक बाद बरोबर एकूण, हे सदासर्वकाळ जुळायला पाहिजे. औषधाचं काम; आकडा एकानं जरी हुकला तरी सगळा माल अडकवून ठेवतात, कारण मोजायची राहिलेली ती एक बाटली पासची होती की बादची हे कुणी सांगावं?

आणि आमचा आकडा हुकत होता. रोज नाही. दिवस दिवस नीट चालायचं आणि मग कधीतरी एकाचा फरक. बघायला म्हणून मी कोडमधे जागोजागी संदेश छापायला लावले, तर चूक नाहीशी. संदेश काढले, चूक हजर. संदेश छापण्यात वेळ जायचा, त्या वेळानं दोन कोअरची गाठच पडायची नाही. मला रात्री झोप लागेना. जेवताना डबा उघडा ठेवून मी भिंतीकडं बघत बसायची.

मालकांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. खोकी परत आली तर ड्रायव्हरचं काम बंद करावं लागेल, आणि मग नव्या माणसाला ठेवता येणार नाही. नवं माणूस मी एकटीच होते.

घरचं म्हणाल तर माझी धाकटी बहीण बारावीला होती. तिला शहरात कॉलेजला पाठवायचं का, हा प्रश्न वडिलांनी माझ्यावर टांगून ठेवला होता. फोनवर ते म्हणाले होते, "तू तिथं टिकलीस तर ही येईल तुझ्याकडं. नायतर दोघी हितंच." ते रागानं नव्हते बोलले. त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते शटरकडून परत येत होते. न थांबता म्हणाले, "एकूण आणि निकाल, दोन्ही एकदम वाढव," आणि पुढं गेले.

मी तेच केलं. कर्नलमधे काउंटरचा असा एक प्रकार मिळतो, की वाचणं, मिळवणं, लिहिणं ही तिन्ही कामं एका झटक्यात होतात, मधे कुणी शिरू शकत नाही. मी तिन्ही काउंटर त्या प्रकारचे करून टाकले. शेडमधे खोटे सिग्नल सोडून दोन दिवस चालवलं. शेवटी बेरीज केली, तंतोतंत. मालकांनी पोहे मागवले.

खोकं कारखान्यात गेलं, आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. शेवटची बेरीज जुळते, पण यंत्र चालू असताना मधेच जो अहवाल निघतो, त्यात कधीकधी एकूण एकानं जास्त. त्यांचा नियम असा, की चालू अहवाल जुळला नाही तरी माल अडकतो. सोमवारी शेवटची चाचणी, नाहीतर खोकी घेऊन जा.

सरांच्या चपला माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या.

"सिल्लोड, मी काय बोललो होतो?"

"दोन्ही एकदम वाढव."

"मग?"

"वाढवले की. एकूणही एकदम, पासही एकदम."

"ये एकदम नै है."

"सर, हे एकदमच आहे. एका झटक्यात एकूण वाढतो, एका झटक्यात पास वाढतो. कुठंही कुणी मधे शिरत नाही."

"आणि त्या दोन झटक्यांच्या मधी?"

मला राग आला होता. सहा महिने मान खाली घालून ऐकलं होतं. मी उभी राहिले. "मग तसं सांगायचं होतं, सर. आमच्याकडं एकदम म्हणजे झटक्यात. मी झटक्यात केलं. चूक माझी नाही, शब्दाची आहे."

सोयगाव मधेच म्हणाला, "आमच्याकडं तर एकदम म्हंजी लई. एकदम भारी, एकदम गार."

"तू गप," मालक म्हणाले. "एकदम म्हणजे एकाच वेळी. मी आणि हा दारात एकदम शिरलो होतो तसं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी त्यांच्या खुर्चीवरची वायरींची भेंडोळी उचलून खाली ठेवली आणि बसले. पाणी मागितलं. ते थोडं प्याले, पेला बाजूला घेऊन श्वास सोडला, पुन्हा प्याले, श्वास सोडला, पुन्हा प्याले.

"कितने दम में पिया?"

"तीन," मी म्हणाले.

"दम म्हणजे सांस. श्वास. यक दम, एक श्वास. फारसी आहे, बेटा. माझी नानी म्हणायची, पानी तीन दम में, आणि दवा एकदम. दवा पिताना मधी श्वास घेतला की कडू लागतं. म्हणून एकूण आणि निकाल एकदम, म्हणजे दोन्ही मिळून एका श्वासात. तू दोन श्वासात केलंस. श्वास छोटे होते, मानतो. पण मधी अहवालवाला येऊन बघून गेला. एकूण वाढलेला, पास अजून नाही."

"अहो, फारसीचा तास नंतर घ्या," मालक म्हणाले. "सोमवार आलाय."

"एकूण मोजायचंच कशाला?" सोयगावनं सुचवलं. "पास अन् बादची बेरीज करून दाखवू. कायम जुळंल."

"ती तपासणी झाली का? स्वतःचंच उत्तर, स्वतःच बरोबरची खूण," सर म्हणाले आणि उठले.

उठल्यावर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘एकदम बंद’. आजपासून हा शब्द शेडमधे वापरायचा नाही. एका आकड्याचं असेल तर ‘एका झटक्यात’ म्हणायचं, अनेकांचं मिळून असेल तर ‘एका कुलपात’.

सोयगावनं फळा वाचला. "सर, एकदम बंद म्हंजी लगेच बंद का पूर्ण बंद?"

सर हसले की खोकले ते कळलं नाही. ते शटरकडं निघून गेले होते.

चूक शब्दाची आहे हे त्यांनी तोंडानं कबूल केलं नाही. पण त्या दिवशी ते स्वतः टाइप करायला गेले नाहीत. कोड मला लिहायला लावला आणि माझ्या खुर्चीमागं फेऱ्या मारत राहिले. बाटलीचा सिग्नल आला की कुलूप घ्यायचं, एकूण वाढवायचा, पास किंवा बाद वाढवायचा, कुलूप सोडायचं. प्रत्येक ओळीला मागून आवाज, "मधी कोण आलं?" मी म्हणायची, "कुणी नाही." पाचव्या-सहाव्या वेळी मी म्हणाले, "वाचणारा आला."

चपला थांबल्या.

"लिहिणाऱ्यांना कुलूप लावलं," मी म्हणाले, "पण अहवाल काढणारा कुलूप न घेताच वाचतोय. त्याला कुणी अडवलंय? तो मधे येणारच." अहवालाचा तो भाग सरांनीच पूर्वी लिहिलेला होता. ते पुढं आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "हौ. उसको बी कुलूप दे."

दिलं. आणि खोकं चालू केल्यावर थोड्या वेळानं मेल्यासारखं गप्प झालं. पडदा गोठला. शुक्रवारची दुपार होती, आणि सर नमाजाला गेलेले. मी कागदावर काढून बघत बसले. अहवालवाल्यानं कुलूप घेतलं, तो वाचतोय, तेवढ्यात त्याच कोअरवर बाटलीचा सिग्नल. सिग्नल आला की कोअर हातातलं काम टाकून त्याच्याकडं धावतो. सिग्नलवाल्याला कुलूप पाहिजे. कुलूप अहवालवाल्याच्या हातात. अहवालवाला थांबवून ठेवलेला. दोघंही एकमेकांची वाट बघत जन्मभर बसणार. उपाय होता: कुलूप हातात असेपर्यंत त्या कोअरनं सिग्नलकडं कान बंद ठेवायचे, कुलूप सोडताना उघडायचे. कुलपाचा तसा प्रकार कर्नलमधे तयारच मिळतो, मला फक्त तो निवडायचा होता.

सर परत आले तेव्हा खोकं चालू होतं. त्यांनी माझे बदल वाचले, शटरपर्यंत गेले, परत येऊन पुन्हा वाचले, पुन्हा शटर. मी वाट बघत होते ते काहीतरी पुसतील म्हणून. त्यांनी काहीच पुसलं नाही.

सोमवारी कारखान्यात आम्हा तिघांना डोक्याला टोप्या आणि पायांना पिशव्या घालायला लावल्या. मालक, सर आणि मी. आत पाहुण्यांसाठी जमिनीवर पिवळा चौकोन रंगवलेला होता. त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. सरांना चालायला बंदी, ही गोष्ट मी आयुष्यात एवढी एकदाच पाहिली. ते त्या चौकोनात टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर होत राहिले. तिथला अधिकारी त्यांना म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का? खुर्ची देऊ?"

"नक्को," सर म्हणाले. "तुम्ही बाटल्या सोडा."

बाटल्या सुटल्या. दोन्ही पट्ट्या पूर्ण वेगानं. अधिकारी बटण दाबून चालू अहवाल काढायचा, बघायचा, पुन्हा दाबायचा. त्याला काही वाटत नव्हतं, त्याचं रोजचं काम. माझं सगळं त्या बोटावर होतं. मी एकूणकडं बघायची, मग पास, मग बाद, मनात बेरीज करायची, तोवर पुढचा अहवाल. सर पडद्याकडं बघतच नव्हते. ते पट्टीवरच्या बाटल्यांकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दुवा करत होते की मोजत होते, मी विचारलं नाही.

दुपारच्या जेवणाची घंटा झाली तेव्हा अधिकाऱ्यानं पट्ट्या थांबवल्या. म्हणाला, "जुळतंय." मालकांनी भिंतीला हात टेकला. सर चौकोनातून बाहेर पडले, दारापर्यंत जवळजवळ पळत गेले, आणि कारखान्याच्या आवाराला त्यांनी टोपी न काढता दोन चकरा मारल्या. मी त्यांच्या मागं गेले तर म्हणाले, "सिल्लोड, तुझा कुलूपवाला कोड सोयगावला समजाव. उद्या तू रजेवर गेलीस तर?"

माझ्या नोकरीबद्दल आणखी कुणी काही बोललंच नाही, कारण रजेवर जाणाऱ्या माणसाला नोकरी असते.

पुढं काही वर्षांनी सरांनी काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं, ह्यावर भाभी अजून हसतात.

त्या कारखान्यात आता सगळ्या पट्ट्यांवर आमचीच खोकी आहेत, आणि मोजणी जुळली नाही म्हणून माल अडकल्याचा फोन परत आलेला नाही. मला कायम केलं. धाकटी त्याच उन्हाळ्यात माझ्याकडं आली, संभाजीनगरच्या कॉलेजात शिकली, पास झाली. आमच्या घरात आता पदव्या दोन आहेत.